ट्रॅक्टरच्या पोटाखाली शेगडी

त्या पौषात आमच्या घरी दोन बाळंतिणी होत्या. एक माझी धाकटी बहीण मथुरा आणि दुसरा ट्रॅक्टर.

मथुरेचं ठीक चाललं होतं. तिला मुलगा झाला होता, सटवाई पुजून झाली होती, आणि ती बाजेवर पडून डिंकाचे लाडू खात घरातल्या प्रत्येकाला कामं सांगत होती. ट्रॅक्टरला काय झालं होतं ते मात्र कोणालाच कळत नव्हतं. सगळ्यांत कमी मला कळत होतं, म्हणून तो माझ्या ताब्यात दिला होता. (आमच्या घरात जबाबदारी वाटण्याची हीच रीत आहे.)

जर्मनची लढाई संपल्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. आमचं गाव तापीकाठी, शहाद्याहून सकाळी बैलगाडी जुंपली तर जेवणवेळेला पोचावं इतक्या अंतरावर. पंचक्रोशीत ट्रॅक्टर कोणी पाहिलेला नव्हता. धुळ्याच्या एका एजंटाने तो आमच्या वडिलांकडे, म्हणजे आण्णांकडे, पारखायला आणून ठेवला. पौषी पुनवेपर्यंत वापरा, पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत. एजंटाबरोबर आलेल्या मिस्त्रीने टळटळीत दुपारी, सगळा गाव जमलेला असताना, पुढच्या बाजूला हँडल घालून एक झटका मारला आणि ते लाल धूड धडधडायला लागलं. बायकांनी कानांवर पदर घेतले, कुत्री नदीपर्यंत पळाली. मी त्या धुडाच्या प्रेमातच पडलो. आता लाजण्यासारखं काही राहिलेलं नाही, म्हणून सांगतो, माझ्या बायकोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही इतकं काही वाटलं नव्हतं.

मिस्त्रीने मला हँडल मारायला शिकवलं. एजंट जाता जाता कोटाची बटणं लावत म्हणाला, "थंडीत जरा गरम ठेवा म्हणजे झालं." आणि गेला. कसा गरम ठेवायचा, कशाने ठेवायचा, कोणत्या बाजूने ठेवायचा, यातलं काही सांगितलं नाही. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला.

आता माझी बाजू सांगतो. मॅट्रिकला मी बसलो होतो, उठलो नव्हतो. नांगर धरला की माझं तास, म्हणजे नांगराची रेघ, असं जायचं की मागून येणारे लोक विचारायचे, इथे नवी पायवाट पडली का. आण्णांचा माझ्यावरचा विश्वास उडायचा शिल्लक राहिला नव्हता. नंदुरबारला मामांचं भुसाराचं दुकान होतं आणि मामा "पोऱ्याले धाडी द्या" म्हणून दर सणाला निरोप पाठवायचे. तेवढ्यात ट्रॅक्टर आला आणि मला पहिल्यांदा वाटलं की जगात एक गोष्ट अशी आहे जी मला जमेल.

आण्णांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, चाकाला काठीने टोचून पाहिलं, आणि खळ्यातच निकाल सांगितला.

"बैल चांदन्या ऱ्हातस तवय उठतस. पुनवना दिन, सूर्य निंघाना पहिले हाई मशीन उठी तं ठेवसू. तू बी ऱ्हाय, चालाड. नही उठी तं ती धुळाले आनि तू नंदुरबारले."

म्हणजे पुनवेला सूर्याआधी ट्रॅक्टर उठला तर दोघे राहणार, नाही तर दोघे जाणार; माझं आणि ट्रॅक्टरचं नशीब त्यांनी एका दावणीला बांधलं.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मी उठलो. थंडी अशी की नळाच्या, म्हणजे आमच्याकडे नळ नव्हता, रहाटाच्या दोराला हात चिकटत होता. तापीवरून वारं येत होतं. मी हँडल घातलं आणि मिस्त्रीसारखा झटका मारला. ट्रॅक्टर हलला नाही, मी हललो. दुसरा मारला. हँडल उलटं फिरलं आणि मी कडब्याच्या गंजीत जाऊन बसलो. सूर्य वर आला, सालदार गडी आले, बैल जुंपले गेले, लोक शेतात जाऊन न्याहारी करून परत आले, मी आपला झटके मारतोय. आणि ऊन डोक्यावर आल्यावर, मी हात टेकून नुसता उभा असताना सहज म्हणून हँडल फिरवलं, तर धडधड सुरू!

आण्णा जेवून उठत होते. त्यांनी खळ्याकडे पाहिलं.

"हाऊ ट्रॅक्टर शे का मामलेदार? दुपारशिवाय उठस नही."

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. पहाटे मेलेला, दुपारी जिवंत. मला काही सुधरेना. शेजारचे दगाआप्पा रोज काठी टेकत यायचे, अर्धा तास बघायचे आणि निदान करून जायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "नजर लागेल शे. लाल रंग शे ना, डोयामा भरस." मग लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तोंड दक्षिनले शे." मग बैल लावून ट्रॅक्टरचं तोंड उत्तरेला केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पहिलं तोंड बरं व्हतं."

मग मला एक युक्ती सुचली. ट्रॅक्टरच्या छातीत पाणी ओततात हे मिस्त्रीने दाखवलं होतं. गार पाण्याऐवजी कढत ओतलं तर? मी पहाटे माय उठायच्या आत चुलीवरचा अंघोळीचा हंडा पळवला आणि ट्रॅक्टरमध्ये रिकामा केला. वाफ निघाली, पत्रा कोमट झाला, मला धीर आला. पण हँडल शोधून, जागेवर घालून, हातावर फुंकर मारून होईपर्यंत सगळं पुन्हा गार. दुसऱ्या दिवशी दोन हंडे ओतले. त्या आठवड्यात आमच्या घरात वेळेवर अंघोळ झाली ती फक्त ट्रॅक्टरची. आण्णा विहिरीवर गार पाण्याने अंघोळ करून दात वाजवत देवाचं म्हणत होते, आणि मधूनमधून देवाच्या नावांत माझंही नाव येत होतं.

अशा वेळी भागाफुई पुढे आली.

भागाफुई म्हणजे आण्णांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घर तिच्या हुकमात. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, मीही त्यातलाच. (मी पायाळू जन्मलो. "तवयपासूनच याले उलटं कराना नाद," असं ती सगळ्यांना सांगायची.) बाळंतिणीचं काही असलं की डॉक्टरही तिच्यापुढे बोलत नसे. मथुरेच्या बाजेखाली शेगडी कुठे ठेवायची, ओवा किती टाकायचा, कोणत्या झरोक्याला पोतं लावायचं, हे सगळं फुई ठरवायची.

ती एके सकाळी खळ्यात आली. मी घामाघूम होऊन हँडलवर ओणवा झालेलो. तिने ट्रॅक्टरच्या पुढच्या पत्र्यावर तळहात ठेवला, मग उलटा हात ठेवला, मग खाली वाकून पोटाखाली हात घातला.

"हिले हवा लागेल शे," ती म्हणाली.

"कोनले?"

"हिलेच. नवी शे, त्यात हिवाळाना दिन, आनि तुम्ही उघडी टाकी देल शे खळामा. ओली बाळंतीन अशी टाकस का कोनी?"

"फुई, ते मशीन शे."

"मशीनले पोट नही का?"

पोट होतं. तेल साठतं त्या भागाला मिस्त्रीने पोटच म्हटलं होतं. मी तसं सांगितलं आणि फुईचा चेहरा उजळला.

"पोटमा काय शे?"

"तेल."

"गार?"

"गारच असनार."

"आनि मंग माले इचारतस उठत का नही," असं म्हणून तिने पदर खोचला. त्या क्षणापासून ट्रॅक्टर माझ्या हातून गेला. ट्रॅक्टर बाईमाणूस आहे की बाप्या, हा वादही संपला. फुईने 'ती' म्हटलं म्हणजे ती. आण्णासुद्धा फुईसमोर 'ती' म्हणत आणि फुईची पाठ वळली की 'तो'.

फुईचा पहिला हुकूम तेलाचा. बाळंतिणीच्या अंगाला गार तेल कोणी लावतं का? तर रोज संध्याकाळी ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल पातेल्यात काढायचं आणि पहाटे चुलीवर कोमट करून परत ओतायचं. खरं सांगायचं तर हे चांगलं चाललं. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर दुपारच्या आधी, गुरं चरायला निघायच्या वेळी सुरू झाला. मी नाचायचा बाकी होतो. माय म्हणाली, "वन्सं, तुमना हातले गुन शे." फुईने नाक मुरडलं, पण ते आनंदाने मुरडलं होतं.

घोटाळा असा झाला की चूल एक आणि पातेली दोन. एकात ट्रॅक्टरचं तेल, दुसऱ्यात मथुरेच्या अंगाला लावायचं लसूण-ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल. नव्या तेलाचा रंग सारखाच. पहाटेचा अंधार, कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर, मायचे डोळे चुरचुरलेले. तिने हाताला लागलं ते पातेलं उचललं, दुसरं मी उचललं.

आतून मथुरेचा आवाज आला. "माय, आज तेलले वास कसाना शे?"

"ओवाना शे."

"ओवा असा वास करस?"

"नवा ओवा शे. गप पड."

मायने तिला नखशिखान्त चोळली. तेल जरा जड आहे, मुरत नाही, असं मायलाही वाटलं, पण थंडीने असेल म्हणून तिने आणखी जोर लावला. मग बाळाला कुशीत दिलं. बाळाने एकदा वास घेतला आणि असं भोकाड पसरलं की दगाआप्पा काठी न घेता धावत आले.

आणि इकडे मी ट्रॅक्टरच्या पोटात लसणाची फोडणी ओतून बसलो होतो. त्या दिवशी तो दुपारी सुरू झाला तेव्हा नळकांड्यातून जो धूर निघाला त्याला वांग्याच्या भरताचा वास होता. रस्त्याने जाणारे दोघे पाहुणे खळ्याशी थांबले आणि भरीत कुठे चाललंय म्हणून विचारू लागले. मला तेव्हा पातेल्यांचं कोडं उलगडलं. मी इंजिन बंद केलं, सगळं तेल काढलं, आणि घरात जाऊन मायला हळूच सांगितलं.

माय काही बोलायच्या आत मथुरा बाजेवर उठून बसली. तिचं अंग नुसतं चकाकत होतं.

"माले एक सांगा," ती म्हणाली. "ह्या घरमा बाळंतीन मी शे का ट्रॅक्टर?"

मायने तिला बेसन लावून कढत पाण्याने धुतलं. बाळाला काही झालं नाही, पण त्यानंतर मी जवळ गेलो की ते पोर तोंड फिरवायचं. आता तो भाचा आजोबा झाला आहे, अजूनही तोंड फिरवतो.

पुनव दोन दिवसांवर आली. ट्रॅक्टर अजून एकदाही सूर्याच्या आधी उठलेला नव्हता. रात्री डोळा लागला की मला मामा दिसायचे, पोत्यावर बसून पान खाणारे. मी फुईपुढे जाऊन सरळ हात जोडले.

"फुई, काहीबी कर. माले नंदुरबारले नही जानं."

फुईला माझी दया आली असावी, कारण तिने मला शिवी दिली नाही. मग म्हणाली, "तेल तपाडीसन भागत नही. शेक देना पडी."

शेक म्हणजे शेगडी. आणि घरात मोठी शेगडी एकच, ती मथुरेच्या बाजेखाली. लहान शेगड्या होत्या, पण फुईच्या मते एवढ्या मोठ्या पोटाला त्या म्हणजे हत्तीला वाटीत पाणी. आता मथुरेला विचारायचं कोणी? शेवटी फुईच गेली. आतून बराच वेळ बोलण्याचा आवाज येत राहिला. मी दाराबाहेर उभा. मग मथुरा मोठ्याने म्हणाली, "एकच रात. आनि बापूले सांगा, पोऱ्यानं नाव मी ठेवसू ते ठेवसू, आत्या-मामा कोनी मधमा बोलानं नही." बापू म्हणजे मीच; मी बाहेरूनच हो म्हणालो. (नाव तिने काय ठेवलं ते सांगत नाही. भाचा आधीच माझ्यावर नाराज आहे.)

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी एजंट आला. शहाद्यापर्यंत मोटारीने आणि पुढे आमच्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, धुळीने माखलेला. सकाळची परीक्षा असल्याने मुक्काम आमच्याकडेच. जेवायला बसण्याआधी त्याने ट्रॅक्टर पाहिला आणि मला म्हणाला, "गरम ठेवता ना?"

"ठेवतो," मी म्हणालो.

तो मान हलवून जेवायला बसला. आत पुरुषांची पंगत चालली असताना फुई खळ्यात कामाला लागली. बाभळीचे निखारे, वर राख, म्हणजे जाळ होणार नाही आणि धग टिकेल. शेगडी बरोबर पोटाखाली. वरून ओवा आणि बाळंतशेपा भुरभुरल्या. मग घरातल्या गोधड्या. माझी गेली, आण्णांची गेली, मायची गेली, आणि पाहुण्यासाठी काढलेली मखमली काठाची रजई होती तीही गेली. ट्रॅक्टर असा गुंडाळला की फक्त चाकं दिसत होती. आम्ही सगळे पोत्यांवर पोती घेऊन झोपलो. एजंट शहरी माणूस, त्याला वाटलं गावात असंच झोपतात.

पहाटे ट्रॅक्टर गरम होता आणि एजंट गार. त्याला चहाचे दोन पेले पाजले तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं अक्षर निघालं.

खळ्यात सगळा गाव. पूर्वेला अजून काही नाही, वर चांदणी. आण्णा धुतलेलं धोतर, पांढराशुभ्र फेटा घालून कडब्याच्या गंजीजवळ उभे. मी एकेक गोधडी काढली. खालून ऊब आली, ओव्याचा वास आला. मी पत्र्याला हात लावला तर नुकतीच तव्यावरून काढलेली भाकरी! एजंटाने हात लावला आणि तिथेच ठेवला, काढेना. (थंडीने बिचारा अर्धमेला झाला होता.)

"अगदी उत्तम," तो म्हणाला. "इतका गरम मी कुठेच पाहिला नाही. आता एका झटक्यात होईल."

मी देवाचं नाव घेऊन झटका मारला.

काही नाही.

दुसरा मारला. हँडल लोण्यातून फिरावं तसं फिरत होतं, तेल पातळ, अंग मऊ, सगळं बरोबर. पण आतून साधा खोकला नाही. तिसरा, चौथा. मी थांबलो. मला काही कळेना. इतके दिवस तो गार होता म्हणून उठत नव्हता, हे मी समजून घेतलं होतं. आता गरम होता तर का उठत नव्हता?

"डिझेल पाहा," एजंट म्हणाला. डिझेल होतं. "नळी पाहा." नळी मोकळी. त्याने कोट काढला, बाह्या सारल्या आणि स्वतः हँडल मारलं. मग सालदारांनी मारलं. मग गावातले दोन पैलवान आले. ट्रॅक्टर सगळ्यांचे हात फिरवून घेत होता आणि गप्प बसला होता. एजंटाने खिशातून रुमाल काढला, पुसायला काही नव्हतं म्हणून चष्मा पुसला.

दगाआप्पा म्हणाले, "आते त्याले ताप उना. जास्त शेक व्हयना."

आणि मी, मॅट्रिकला बसलेला माणूस, खरोखर एक ओलं फडकं आणून ट्रॅक्टरच्या कपाळावर ठेवलं. मला दुसरं काय करावं ते सुचतच नव्हतं. पूर्वेला तांबडं फुटलं. आण्णा नुसते क्षितिजाकडे बघत होते. लोकांच्या देखत रडायचं नाही म्हणून मी हँडल मारत राहिलो.

तेवढ्यात भागाफुई आली. तिचं या परीक्षेकडे लक्षच नव्हतं. मथुरेची बाज गार पडली होती, तिला शेगडी परत हवी होती. ती खाली वाकली, चिमट्याने शेगडी ओढली, आणि एवढी गर्दी बघून म्हणाली, "आजून उठनी नही का?"

"नही."

"हिना कान सोडात का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कान?" एजंट म्हणाला. "कोणाचे कान?"

"हिना. दोन शेतस ना वर." तिने बोट दाखवलं. ट्रॅक्टरच्या वर दोन नळकांडी उभी होती, एक हवा आत घ्यायचं आणि दुसरं धूर बाहेर सोडायचं. "हवा तठूनच जास आंगमा. सांजले कापूस घाली देल शे. बाळंतीनना कानमा घालतस का नही?"

एजंट खाली बसला. अगदी मातीत बसला.

"आजी," तो म्हणाला, "अहो, ती तिथून श्वास घेते."

"घेवाले मी नही म्हनत नही. पन सकाय व्हयनी का कान सोडाना ऱ्हातस, हाई पोऱ्यासलेबी माहीत शे."

मी चाकावर चढलो आणि पहिल्या नळकांड्यात हात घातला. बोळा आत खोल दाबलेला, बाहेरून दिसू नये इतका. (कानातला कापूस बाहेर दिसला तर दृष्ट लागते, असं फुईचं शास्त्र.) मी ओढू लागलो तर कापूस निघतच गेला, निघतच गेला. आमच्याच वावरातला, लांब धाग्याचा. मी तो खाली टाकला तर फुई ओरडली, "मातीमा नको टाकू, नवा शे!" आता दुसऱ्या नळकांड्याकडे वळणार तोच आण्णा म्हणाले, "बापू, सूर्य."

सूर्याची कड दिसायला लागली होती. मी उडी मारली आणि हँडल गाठलं. दुसरा कान राहिला होता हे त्या घाईत कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मी झटका मारला. ट्रॅक्टरच्या पोटातून एक मोठा ढेकर आल्यासारखा आवाज आला, सगळं धूड थरथरलं, आणि वरच्या नळकांड्यातून काळा कुळकुळीत बोळा सुटला तो थेट आण्णांच्या पांढऱ्या फेट्यावर बसला. त्याच्यामागे काजळी, काजळीमागे धूर, आणि मग धडधड धडधड! सूर्य अजून अर्धा खालीच होता.

गावाने एकच गलका केला. मी रडत होतो आणि हसत होतो. आण्णांच्या फेट्यापासून मिशीपर्यंत सगळं काळं, त्यात दोन डोळे. मी मनात म्हटलं, झालं, आता ट्रॅक्टर उठला आणि मी बसलो. पण आण्णांनी डोक्यावरून बोळा काढला, दोन बोटांत धरून पाहिला, फुईकडे पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून हसू यायला लागलं. आमच्या लहानपणापासून आम्ही त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते गंजीला टेकून हसले.

मग मी नांगर जोडून ट्रॅक्टर पऱ्हाटी उपटलेल्या वावरात नेला. आण्णा नांगराच्या मागून चालत होते, मधूनच वाकून ढेकूळ उचलत, दाबून बघत. तास सरळ गेलं. माझ्या हातून आयुष्यात गेलेलं ते पहिलं सरळ तास. बांधावर पोचलो तेव्हा आण्णांनी हात वर केला आणि मी थांबवला.

"ठेवसू," ते एजंटाला म्हणाले.

मी सीटवरून खाली उतरून त्यांच्या पायांना हात लावला.

"आनि तू," ते मला म्हणाले, "परवा सकायनी गाडीमा नंदुरबारले निंघ."

मला वाटलं धडधडीत मला नीट ऐकू आलं नाही. इंजिन बंद केलं. शब्द तेच निघाले.

"आण्णा, ठरेल व्हतं ना! सूर्य निंघाना पहिले चालू व्हयना तं मी बी ऱ्हासू!"

"व्हयना ना चालू. पन कोनी चालू करा?"

मी फुईकडे पाहिलं. तीही तास बघायला आली होती आणि आता बांधावरून घराकडे निघाली होती, एका हातात चिमट्यात शेगडी आणि दुसऱ्या काखेत कापूस.

"बिघाडबी तिनाच आनि इलाजबी तिनाच," आण्णा म्हणाले. "तू इतला दिन मशीनसंगे ऱ्हायना, तुले तिनी काय करं ते समजनं नही. मशीन समजनारं मानूस माले घरमाच भेटनं."

"हँडल तं मी मारं," मी म्हणालो. एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

आण्णांनी मिशीवरची काजळी पुसली. "मंग काय झायं? तागडीबी हातमाच धरतस. तुले जमी."

आणि जमली. ट्रॅक्टर पुढे फुईच्या देखरेखीखाली कितीतरी हिवाळे पहाटेच उठत राहिला, आणि मी मामांच्या दुकानात ज्वारी, तूर आणि मठ जोखत म्हातारा झालो. तक्रार नाही. भुसाराच्या धंद्यात एक मोठं सुख आहे. तागडी थंडीत कितीही गारठली तरी तिला सुरू करावं लागत नाही, नाही तर मामांनीही मला दुसरीकडे कुठेतरी पाठवलं असतं.